उंबराचं फूल आणि साडेसहाशे रुपये

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात सातवीला शिकवते. विषय माझा मराठी, पण विज्ञानही गळ्यात पडलंय. आमच्या शाळेची दर सप्टेंबरात 'निसर्ग सहल' असते. गेल्या वर्षी कासला गेलो. दोन तुकड्या मिळून 84 मुलं, माणशी 650 रुपये. त्यातली 19 मुलं आलीच नाहीत. जी आली त्यांनी बसमध्ये गाणी म्हटली, पठारावर फोटो काढले, भेळ खाल्ली आणि परत आली. एका मुलाने विचारलं, 'बाई, हे फूल कुठलं?' मला सांगता आलं नाही. माहिती देणारा माणूस पुढच्या घोळक्याबरोबर निघून गेला होता. यंदा हेडसर पुन्हा कासच म्हणतायत, कारण शेजारची शाळा जाते. परवा वर्गात विचारलं, कोण कोण येणार? तर गेल्या वर्षी न आलेला एक मुलगा, घरी शेळ्या आहेत त्याच्या, तो म्हणाला, 'बाई, रानात काय बघायला जायचं? मी रोजच जातो.' सगळे हसले. मीही हसले. कुठे नेऊ, काय दाखवू, आणि मलाच नावं येत नसताना शिकवू कशी? शाळेमागे ओढा आहे, काठाला दोन उंबरं, पलीकडे माळ. पण तिथे बघण्यासारखं काही नाही. — एक बाई"

बाई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणांहून तुम्ही घाईने पुढे गेलात. एक तो मुलगा, दुसरी ती उंबरं. यंदाची सहल ओढ्यावर न्या. चालत, शनिवारी सकाळच्या शाळेत. पैसे लागणार नाहीत, म्हणजे ती 19 मुलंही येतील. हेडसरांचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी 'तिथे बघण्यासारखं काही नाही' याचा समाचार घेऊ.

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'काय हो, उंबराचं फूल झालात!' तुम्ही मराठीच्या बाई, हा वाक्प्रचार दरवर्षी फळ्यावर लिहीत असाल. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. पण तुमच्या सातवीतल्या किती जणांनी ते फूल पाहिलंय? मी स्वतः विज्ञान शिकवायला लागून 11 वर्षं होईपर्यंत पाहिलं नव्हतं. मला ते दाखवलं आमच्या शिपाईमामांनी. मधल्या सुट्टीत त्यांनी खिशातला अडकित्ता काढला, कच्चं हिरवं उंबर सुपारीसारखं फोडलं आणि दोन्ही भकलं माझ्या हातावर ठेवली. "हे घ्या बाई, उंबराचं फूल. तुमच्या पुस्तकात नसेल." नव्हतंच.

उंबराला आपण फळ म्हणतो ती खरं तर फुलांची बंद पिशवी. बोराएवढं कोवळं उंबर देठापासून खालच्या टोकापर्यंत उभं कापलं की आतल्या भिंतीला चिकटलेली बारीक बारीक फुलं दिसतात, शेकड्यांनी, एकमेकांना खेटून, तोंडं सगळ्यांची आत. साधं भिंग लावलं तरी पुरे. भिंग नसेल आणि कुणाकडे दुर्बीण असेल तर ती उलटी धरून भिंगासारखी वापरता येते.

आता पुढचा भाग, कारण मुलं इथे गप्प होतात. या बंद पिशवीत पराग पोचवणार कोण? फुलपाखराला वाट नाही, मधमाशीला वाट नाही. उंबराच्या खालच्या टोकाला एक छिद्र असतं, खवल्यांनी मिटलेलं. त्यातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण लांबी जेमतेम 2 मिलिमीटर. वाट इतकी अरुंद, की घुसता घुसता तिचे पंख तुटून पडतात. ती आत हिंडते, दुसऱ्या झाडावरून अंगाला लागून आलेले पराग फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं मोठी होतात. आधी नर आपापल्या फुलातून बाहेर पडतात, पण उंबराच्या आतच राहतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीतून बोगदा पोखरतात आणि संपतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधायला. आयुष्य एक-दोन दिवसांचं. त्या गेल्यावर फळ मऊ पडतं, लाल होतं आणि मग तांबट येतात, कोकीळ येतात, हरियाल येतात, रात्री वटवाघळं आणि उदमांजर. पिकलं उंबर फोडून किडे दिसले की आपण नाक मुरडून ते फेकतो. ते किडे नसते तर ते उंबर धरलंच नसतं.

एवढं कळल्यावर मुलांना झाडाखाली उभं करा आणि विचारा, एका झाडावरची फळं साधारण एकाच सुमारास का धरत असतील, आणि शेजारच्या झाडाचं वेळापत्रक वेगळं का? कुणीतरी सांगेलच, की उडालेल्या माद्यांना कुठेतरी कोवळं उंबर मिळायला हवं ना. नाही सांगितलं तर लगेच तुम्ही सांगू नका. पुढच्या शनिवारपर्यंत राहू द्या तो प्रश्न तसाच.

फळाच्या बाहेरही बघायला लावा. कच्च्या फळाच्या सालीवर कधी कधी वेगळ्याच जातीच्या बारीक माश्या बसलेल्या असतात, शेपटाला केसासारखी लांब सुई. त्या आत शिरायच्या भानगडीतच पडत नाहीत. सुई बाहेरूनच सालीत खुपसून आत अंडी घालतात, झाडाला पराग-बिराग काही न देता. फुकट्या. आणि या फुकट्यांना टिपायला मुंग्या फळाभोवती घिरट्या घालत असतात. लिंबाएवढ्या जागेत एवढी उलाढाल. ती नीट बघायला एका मुलाला दहा मिनिटं भिंग लागतं, तेव्हा चार तरी भिंगं जमवा.

दोन बारीक सूचना. उंबराचा चीक शर्टाला लागला की डाग जात नाही, आणि त्यासाठी एखादी आई तुमच्या नावाने बोटं मोडेल. जुना शर्ट घालून यायला सांगा. दुसरं, हे दत्ताचं झाड. गावात कुणी पूजा करत असेल तर फळं तोडू नका, खाली पडलेली आणि वाऱ्याने गळलेली कच्ची पुरतात. श्रद्धेमुळेच तर ओढ्याकाठची उंबरं टिकलीत. पाणाडेसुद्धा विहिरीची जागा सांगताना आधी उंबर कुठे आहे ते बघतात. झालंच तर गावातल्या एखाद्या जुन्या पाणाड्यालाच झाडाखाली बोलवा. तो काय सांगतो ते खरं की खोटं, यावर मुलं वर्गात आठवडाभर वाद घालतील आणि तेवढा वेळ तुम्हाला वेगळं विज्ञान शिकवावं लागणार नाही.

आता तो मुलगा. वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मी असते तर मीही हसले असते, तेव्हा जिवाला लावून घेऊ नका. पण त्याचं वाक्य पुन्हा वाचा. तो थट्टा करत नव्हता. साडेसहाशे रुपये नाहीत हे चारचौघांत सांगायचं नव्हतं म्हणूनही तो तसं म्हणाला असेल. आणि वाक्य खरंच आहे: तो रोज जातो. ओढ्याचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं, मग डबकी कुठे उरतात, शेळ्या कुठलं झाड ओरबाडतात आणि कुठल्या झाडाला तोंड लावत नाहीत, मोहोळ कुठल्या फांदीला आहे, हे तुमच्या शाळेत त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. निसर्ग सहलीतून नेमका तोच गळाला होता.

त्याला विचारा, पण एकटं गाठून. वर्गासमोर 'हा आपला गाइड' असं जाहीर केलंत तर दहावीपर्यंत पोरं त्याला गाइड म्हणून चिडवतील. मधल्या सुट्टीत म्हणा, "अरे, रविवारी मला ओढा बघायचाय, येशील का दाखवायला?" एवढंच. नाही म्हणाला तर नाही. आला तर वही घेऊन त्याच्या मागे चाला आणि तुम्ही बोलू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने मला अशाच एका रविवारी सांगितलं होतं, "बाई, त्या दगडाखाली खेकडीण आहे, पण आत्ता उचलू नका, तिच्या पोटाखाली पिल्लं आहेत." पावसाळ्यात ओढ्यातली खेकडीण पिल्लं पोटाच्या घडीखाली घेऊन हिंडते, हे मी पुस्तकात नंतर वाचलं.

आणि नावं? तुम्हाला नावं येत नाहीत याचा तुम्ही फार धसका घेतलाय. मला बरीच येतात आणि त्यामुळे माझं एक नुकसान झालं, ते सांगते. एकदा बांधावरून एक पक्षी डुलत डुलत चालला होता, तपकिरी पंख, काळं अंग, लाल डोळे. मी लगेच म्हणाले, "भारद्वाज!" 20 मुलांनी वहीत 'भारद्वाज' लिहिलं आणि वह्या मिटल्या. मागे राहिलेल्या एका मुलीला ऐकू गेलं नव्हतं, म्हणून ती बघत राहिली. तिनेच ओरडून सांगितलं, की त्याने सरडा धरलाय आणि आपटतोय. त्या दिवसापासून मी नाव शेवटी सांगते. आधी तो काय करतोय, कुठे बसलाय, काय खातोय, एकटा आहे की जोडीने. मग मुलांनी ठेवलेलं नाव. मग गावात म्हणतात ते. पुस्तकातलं सगळ्यात शेवटी, आणि ते तुम्हाला येत नसेल तर दुसऱ्या दिवशी मिळून शोधायचं. तुम्ही मराठीच्या बाई असणं इथे फायद्याचंच आहे. कासच्या पठारावर जी निळी-जांभळी इवली फुलं बघायला लोक येतात, त्यांना कुणीतरी कधीतरी 'सीतेची आसवं' म्हटलं. फूल बघून नाव सुचणं हे भाषेचंच काम.

वनस्पतींच्या नावांसाठी आणखी एक माणूस शाळेतच आहे: खिचडी शिजवणाऱ्या मावशी. त्यांना बरोबर घ्या. टाकळ्याची भाजी कधी खुडायची, कधी ती जून होते, हे त्यांना तोंडपाठ असेल. सप्टेंबरात त्याच टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्यागार अळ्या सापडतात, पानाच्या मधल्या शिरेवर अशा पडून राहतात की बोट टेकेपर्यंत दिसत नाहीत. पलीकडे माळावर रुई असेलच. तिच्यावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी शोधा. ही मात्र लपत नाही, उघड्यावर बसते. रुईचा विषारी चीक पचवून ती स्वतःच कडू झालेली असते, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. एक अळी लपते, एक मिरवते, का? बघा, या प्रश्नाला नावं लागतच नाहीत.

पण 84 मुलं एका उंबराखाली म्हणजे जत्रा. एका शनिवारी एकच तुकडी न्या. 42 मुलांचे चार गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस: तुम्ही, मावशी, एखादी आई, एखादे निवृत्त आजोबा. एक गट उंबरापाशी, एक रुई-टाकळ्यापाशी, एक ओढ्याच्या उथळ पाण्यात दगड उलटून बघायला, एक माळावर. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, हे चार वेळा सांगा. त्याच्या पोटाला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

माळावरच्या गटाला काय काम द्यायचं? हातभर सुतळी. प्रत्येकाने ती जमिनीवर गोल मांडायची आणि आपल्या रिंगणात किती वेगवेगळ्या आकाराची पानं आहेत ते मोजायचं. एकदा यावरून माझ्यासमोर भांडण झालं. एका मुलीच्या रिंगणात 17 प्रकार, तिच्या शेजारच्या मुलाच्या रिंगणात 6. तो म्हणे ती खोटं सांगतेय. मी बघायला गेले तर दोघांचंही बरोबर होतं. दोन रिंगणांत चार हातांचं अंतर, पण त्याचं रिंगण पायवाटेवर पडलं होतं.

हेडसरांशी कासबद्दल बोलाल तेव्हा हे रिंगण लक्षात ठेवा. कास काही वाईट ठिकाण नाही. पश्चिम घाटाला 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातल्या 39 जागांपैकी ते एक पठार. पण त्या पठारावर माती म्हणजे जांभ्या दगडावर पसरलेला पातळ थर, कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसात त्या थरात पाणी साचतं आणि त्या पाण्यावर सगळी फुलं दोन-तीन महिन्यांत उरकून घेतात. सीतेच्या आसवांना मातीतून पुरेसं पोषण मिळत नाही, म्हणून ती ओल्या मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात. दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडते, ती तर भिंगातून बघत बसावी अशी. हे बघायला गुडघे टेकून बसावं लागतं आणि बसण्याआधी बघावं लागतं, की आपण कशावर बसतोय. जी मुलं ओढ्यावर बसायला शिकलेली नाहीत त्यांना थेट तिथे नेलं की काय होतं, ते तुम्ही गेल्या वर्षी पाहिलंच.

तेव्हा हेडसरांना म्हणा, "सर, यंदा ओढा, पुढच्या वर्षी हीच मुलं आठवीत गेली की कास." भांडू नका, मुख्याध्यापकांशी भांडून कुणाची सहल निघालेली नाही. पुढच्या वर्षी जाल तेव्हा शनिवार-रविवार टाळा, आगाऊ नोंदणी करा, कारण रोज किती माणसं सोडायची यावर तिथे मर्यादा आहे, आणि आखलेली वाट सोडू नका. गाडी एसटीचीच घ्या, शाळेच्या सहलीला सवलत मिळते. जी मुलं पैसे भरू शकत नाहीत त्यांचं कसं करायचं ते तारीख ठरवण्याआधी ठरवा, नंतर नाही. आणि हेडसरांना वार्षिक अंकासाठी फोटो हवे असतील, हवे असणारच, तर भिंगातून काढलेला उंबराच्या फुलाचा फोटो द्या. शेजारच्या शाळेकडे तो नसेल. मुलांना मात्र मोबाइल नको. एकच, तुमच्याकडे.

आता काळजीचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. एका किल्ल्यावर मुलांना घेऊन गेले होते. दुपारी चहा करावा म्हणून कड्याच्या पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडली. वर बघितलंच नाही. वर आग्या मोहोळ होतं. धूर चढला आणि पाच मिनिटांत अंगावर आभाळ कोसळावं तशा माश्या आल्या. 11 मुलांना चावल्या, एकाचे ओठ सुजले आणि त्याला धाप लागली. त्याला पाठीवर घेऊन दोघे जण कसे उतरले हे मला आजही नीट आठवत नाही. मुलगा वाचला. त्याच्या आईने मला एक शब्दही ऐकवला नाही, ते जास्त लागलं.

म्हणून आदल्या रविवारी पाहणीला जाल तेव्हा आधी वर बघा. आग्या माश्या उंच झाडांना आणि कड्यांना उघड्यावर मोठं पोळं लटकवतात. उंबराला असेल तर त्या झाडाखाली जायचंच नाही, दुसरं उंबर आहे. धूर नाही, दगड मारणं नाही, आरडाओरडा नाही, अत्तर-सेंट लावून यायचं नाही. तरीही माश्या आल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं झाकून लांब पळायचं, घरात किंवा गाडीत शिरता आलं तर उत्तम. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर वाट बघत राहतात. काटा अंगात राहिला असेल तर नखाने खरवडून पटकन काढायचा, कारण त्याच्या टोकाची पिशवी विष सोडतच असते. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, अंगभर गांधी उठणं, किंवा एकाच मुलाला बरेच चावे, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. 108 ला फोन करा, पण गाडी हाताशी असेल तर वाट बघत बसू नका. कुणाला दमा आहे, फिट येते, माशी चावून पूर्वी त्रास झालाय, हे पालकांच्या संमतीच्या चिठ्ठीवरच विचारून घ्या.

सापाचं थोडक्यात. सगळ्यांच्या पायात बूट, आणि बीळ, कपार, पाचोळ्याचा ढीग यात हात नाही. साप दिसला तर थांबायचं, लांबून बघायचं, जाऊ द्यायचं. कुणी हौशी माणूस साप धरून दाखवायला निघाला तर त्याला तिथूनच परत पाठवा. ते बेकायदा आहे आणि मुलं तेच घरी करून बघतात. चावलाच तर चावलेला हात-पाय हलू न देता, दोरी न बांधता, चिरा न मारता, तोंडाने न ओढता लस असलेल्या दवाखान्यात. ती कुठल्या दवाखान्यात असते ते निघायच्या आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा.

पाण्याबद्दल मी कडक आहे. मुरूडच्या समुद्रात 2016 साली सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ती तुमच्या मुलांपेक्षा मोठी होती. ओढा घोट्याच्या वर असेल, पाणी गढूळ असेल किंवा वरच्या अंगाला आभाळ भरलेलं असेल तर पाण्यातला गट रद्द, ती मुलं काठावर. शाळेजवळचाच ओढा म्हणून लेखी परवानगी टाळू नका. मोजणी निघताना, ओढ्यावर आणि परत आल्यावर, तीनदा.

परत आल्यावर कृपा करून 'माझी अविस्मरणीय सहल' लिहायला लावू नका. मी ते निबंध वर्षानुवर्षं तपासलेत. 'पहाटे पाच वाजता आईने मला हाक मारली' इथे सुरू होतात, पहिलं पान बसमध्ये जातं, दुसऱ्या पानाच्या तळाला ठिकाण येतं आणि 'सूर्य मावळतीला गेला होता' म्हणून संपतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून एक चित्र आणि उत्तर न सापडलेला एक प्रश्न घ्या. 84 प्रश्न भिंतीवर लावा. एक माझ्या अजून लक्षात आहे: 'आतल्या माशीला बाहेर दिवस आहे की रात्र हे कसं कळतं?' मला उत्तर आलं नव्हतं.

आणि नोव्हेंबरात पुन्हा जा, मार्चमध्ये पुन्हा. तोच ओढा, तेच दगड, तीच सुतळी. नोव्हेंबरात माळावर खाजकुइलीच्या शेंगा तयार होत असतील, त्या मुलांना लांबूनच ओळखायला शिकवा. कुणाला लागलीच तर चोळायचं नाही, कुसळं चिकटपट्टीने उचलायची. मार्चमध्ये ओढा बहुधा कोरडा असेल आणि मग आटलेल्या डबक्यांपाशी कोण कोण येऊन गेलं, ते चिखलातल्या पावलांवरून वाचता येईल. दोन्ही उंबरांना नंबर द्या आणि एका वहीत तारीख लिहीत जा, कच्ची फळं कधी, लाल कधी, नवी पानं कधी. झाडांच्या अशा नोंदी देशभरातल्या शाळा 'सीझनवॉच' या उपक्रमात पाठवतात, पुढे वाटलं तर तुम्हीही पाठवा. नाही पाठवल्या तरी वही राहील.

आता रविवारच्या पाहणीचं एक. तो मुलगा आला तर शेळ्या घेऊनच येईल, त्याला तो दिवस काही सुट्टीचा नसतो. शेळ्या आणू नको म्हणू नका, त्याची पंचाईत होईल. फक्त तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी पोचा आणि खाली पडलेली चार उंबरं उचलून पिशवीत टाका. शेळ्या पोचल्यावर एकही उरणार नाही.